वडिलांना 44 व्या वर्षी अटॅक, माझं एलडीएल 212, जीन टेस्ट करू का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. वडिलांना 44 व्या वर्षी अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली, थोरले काका 41 व्या वर्षी रात्री झोपेतच गेले. तुम्ही 31 चे, वजन 64 किलो, व्यसन कसलंच नाही, रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जाता, पाच वर्षांची मुलगी आहे. आणि कंपनीच्या चेकअपमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, 212 निघालं, तर तिथं सांगितलं की तरुण आहात, मटण कमी करा, पुढच्या वर्षी बघू. आता तुम्ही विचारताय की ऑनलाइन मिळतंय ते हार्टचं जीन टेस्ट किट मागवू का, आणि जीन्समध्येच असेल तर पथ्य पाळून, गोळ्या खाऊन तरी काय उपयोग, व्हायचं ते होणारच ना.

मी 26 वर्षं कोल्हापुरात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते, आणि या दुसऱ्या प्रश्नासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलेय, कारण ही समजूत माणसं मारते, मी बघितलंय. सरळ उत्तर असं की ते किट आत्ता मागवू नका, पण पुढच्या वर्षापर्यंत थांबूही नका, याच आठवड्यात चांगल्या फिजिशियनला किंवा कार्डिओलॉजिस्टला गाठा.

31 वर्षांच्या बारीक माणसाचं एलडीएल 212 हे मटणानं होत नाही. तांबडा पांढरा रस्सा दर रविवारी वाटीनं ओरपणाऱ्या कितीतरी लोकांचे रिपोर्ट माझ्याकडं येतात, एलडीएल 130, 140, फार तर 160. थायरॉईड कमी असेल किंवा किडनीतून प्रोटीन जात असेल तरी एलडीएल चढतं, म्हणून ते आधी तपासायचं. पण तेवढं नॉर्मल आलं, आणि एलडीएल 190 च्या वर, आणि घरात पन्नाशीच्या आत अटॅक, तर डोक्यात पहिलं नाव यायला पाहिजे ते फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचं, आम्ही एफएच म्हणतो. मराठीत सांगायचं तर घराण्यातनं आलेलं जास्तीचं कोलेस्ट्रॉल.

यात होतं काय ते नीट समजून घ्या, सगळं त्यावरच आहे. आपल्या लिव्हरच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात, रिसेप्टर. ती बनवायचा जीन 19 नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, त्याच्या दोन कॉप्या, एक आईकडची एक वडिलांकडची. एक कॉपी बिघडलेली आली तर दारं निम्मीच बनतात, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं, आणि ते पन्नाशीत नाही तर जन्माला आल्याच्या दिवसापासून. अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी ही दारं शोधली, त्यांना 1985 साली नोबेल मिळालं. म्हणजे तुम्हाला एफएच असेल तर तुमच्या 31 वर्षांच्या नसांनी 31 वर्षं ते जास्तीचं एलडीएल सोसलंय, त्यात व्यायाम आणि निर्व्यसनी राहणं याचा फायदा नक्की झालाय, पण दारं त्यानं वाढत नाहीत. काही घरांत दाराऐवजी एपीओबी किंवा पीसीएसके9 या जीनमध्ये गडबड असते, परिणाम तोच.

हा आजार दुर्मिळ आहे असं आम्हालाही कॉलेजात शिकवलं होतं. तसं नाहीये. जगभरच्या पाहण्यांत साधारण 250 ते 300 माणसांत एकाला निघतो. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 38 लाखांवर होती, हाच हिशोब लावला तर आपल्याकडं 12 हजारांच्या वर माणसं असणार. बहुतेकांना पत्ता नाही. आणि औषध न घेता राहिलं तर एफएच असलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि बायकांपैकी साधारण 30 टक्क्यांना साठीपर्यंत हृदयाचा त्रास सुरू होतो.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या मनातनं जात नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वी कागलकडचा एक 38 वर्षांचा माणूस, ऊस वाहतुकीचा ट्रक चालवायचा, अटॅक घेऊन आला आणि वाचला. डिस्चार्जच्या दिवशी तो खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता, चपला खाली काढलेल्या, आणि माझं लक्ष त्याच्या टाचांकडं गेलं. टाचेच्या वरची ती जाड शीर असते ना, जुनी माणसं धोंडशीर म्हणतात, ती एरवी चिमटीत धरली तर दोरीसारखी लागते. त्याची माझ्या अंगठ्याएवढी जाड, आणि कडेनं खडबडीत गाठी. मी दाबून बघितलं तर म्हणाला, मॅडम ते चपलेचं हाय, कोल्हापुरी घासून घासून झालंय, आमच्या आबांचं बी असंच होतं. आबा कधी गेले विचारलं तर म्हणाला चाळिशीत, छातीत कळ येऊन. बुबुळाच्या कडेला पांढरट कडं पण होतं. ते चपलेचं नव्हतं, ती कोलेस्ट्रॉल साठलेली शीर होती.

मी त्याला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करायची गोळी, सुरू केली, नीट समजावलं, तो आजही ठणठणीत आहे, फॉलोअपला येतो. पण मी त्या दिवशी त्याला हे विचारलं नाही की भावंडं किती, बहिणी कुठं दिल्यात. अकरा वर्षांनी त्याची धाकटी बहीण, निपाणीला दिलेली, 46 व्या वर्षी गेली. तिला महिनाभर जिना चढताना दम लागत होता, घरचे म्हणत होते पित्त असेल. तिचं कोलेस्ट्रॉल कुणी आयुष्यात एकदाही तपासलं नव्हतं. माझ्या हातात त्या घरातला पहिला पेशंट होता, एक फोन करायला सांगितला असता तर साध्या रक्ततपासणीत ती सापडली असती. तेव्हापासून असा पेशंट आला की मी लेटरपॅडच्या मागच्या बाजूला त्याचं अख्खं घराणं काढते, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ, शेजारी वय. दहा मिनिटं जातात, बाहेर ओपीडी खोळंबते, खोळंबू दे. तुमची पहिली जीन टेस्ट म्हणजे हा कागद.

आपल्या भागापुरतं अजून एक बोलायला पाहिजे. आपल्याकडं आणि खाली कर्नाटकात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. मी रीतीला नावं ठेवत नाही, पण ज्या घरात एफएच आहे तिथं मामाच्या मुलीकडं आणि भाच्याकडं दोघांकडंही तोच बिघडलेला जीन असायची शक्यता बरीच असते, आणि तसं असेल तर प्रत्येक पोराला दोन्ही कॉप्या बिघडलेल्या मिळायची शक्यता चारात एक. अशा पोराचं एलडीएल 500 च्या पुढं असू शकतं, लहानपणीच कोपरावर, गुडघ्यावर, ढुंगणावर पिवळसर गाठी येतात, लोक चामखीळ समजून त्यावर काहीबाही लावत बसतात, आणि दहाव्या पंधराव्या वर्षी हार्टचा त्रास सुरू होऊ शकतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या नात्यातल्या पोराला अशा पिवळ्या गाठी असतील तर कृपा करून आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी, करा.

आता तुमचा खरा प्रश्न, जीन्समध्येच असेल तर उपयोग काय. उलट आहे हो. आज हार्टची जी सगळ्यात जोरदार औषधं आहेत त्यातली काही याच रिसर्चमधनं निघालीत. 2003 साली पॅरिसच्या टीमनं काही फ्रेंच घराण्यांत पीसीएसके9 नावाच्या जीनचा बिघाड शोधला, तो जास्त काम करत होता आणि लिव्हरवरची दारं मोडून टाकत होता, म्हणून त्या घरांत एलडीएल जास्त. मग डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा विचार केला, की हा जीन बंद पडलेली माणसं असतील तर त्यांचं काय? सापडली. 2006 साली त्यांनी दाखवलं की या जीनची एक कॉपी बंद असलेल्या आफ्रिकन अमेरिकन लोकांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होतं आणि हार्टचा आजार 88 टक्क्यांनी कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एलडीएल फक्त 28 टक्के खाली, पण जन्मापासून खाली, म्हणून फायदा एवढा मोठा. त्याच सुमाराला एक 32 वर्षांची बाई सापडली जिच्या दोन्ही कॉप्या बंद होत्या, एलडीएल 14, आणि ती चांगली धडधाकट, एरोबिक्स शिकवणारी. म्हणजे एवढ्या कमी एलडीएलवर माणूस नीट जगतो हे निसर्गानंच करून दाखवलं, आणि 2015 पर्यंत तो जीन जे करतो ते अडवणारी इंजेक्शनं बाजारात आली. महाग आहेत, सगळ्यांना लागतही नाहीत.

तुमच्यासारख्या माणसाला बहुतेक वेळा साध्या स्टॅटिनपासून सुरुवात होते, आणि ती गोळी काय करते तर लिव्हरमध्ये कोलेस्ट्रॉल बनणं कमी करते, मग पेशीला कोलेस्ट्रॉल कमी पडतं आणि ती तुमच्या चांगल्या कॉपीवरनं जास्त दारं बनवायला लागते. बिघडलेली कॉपी तशीच राहते, चांगलीकडनं जास्त काम करून घ्यायचं, एवढंच. गोळी एकदा लागली की सुटत नाही असं सगळे म्हणतात, एफएचमध्ये ते खरंच आहे, सोडायची नाहीच, कारण जीन काही सुट्टीवर जात नाही. पथ्यानं तुमचं 212 चं 185, 190 होईल कदाचित, ते करा, पण त्यावर थांबू नका.

चांगलं कोलेस्ट्रॉल, एचडीएल, ते वाढवायला काय खाऊ असं लोक मला आठवड्यातनं दहादा विचारतात, तर त्याबद्दल एवढंच की एचडीएल वाढवणारं टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध 2006 साली ट्रायलमध्येच बंद करावं लागलं, मृत्यू वाढले म्हणून. नंतर 2012 साली जीनच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं एचडीएल जन्मतःच एका जीनमुळं जास्त आहे त्यांनाही अटॅक कमी येत नाहीत. जीनचा उपयोग असाही होतो, कशामागं लागायचं नाही ते कळतं.

मग किटला नाही का म्हणते. एफएचमध्ये एका जीनचा मोठा दणका असतो. पण बहुतेक अटॅक, बहुतेक डायबेटिस, हे शेकडो हजारो जीनच्या छोट्या छोट्या धक्क्यांतनं येतात. 2007 साली 9 नंबरच्या क्रोमोसोमवर 9पी21 नावाची जागा सापडली, तेव्हा पेपरात अटॅकचा जीन सापडला म्हणून आलं होतं, प्रत्यक्षात त्यानं धोका थोडाच वाढतो. असे सगळे छोटे धक्के बेरीज करून एक स्कोअर काढतात, पॉलिजेनिक रिस्क स्कोअर, बऱ्याच किटमध्ये असा काहीतरी स्कोअर असतो. कल्पना चांगली आहे, पुढं कामाला येईलच, पण ते स्कोअर मुख्यतः युरोपातल्या लोकांच्या डेटावर बांधलेत, आपल्या लोकांत तो हिशोब तसाच्या तसा बसत नाही. आपला स्वतःचा डेटा आत्ता कुठं येतोय, जीनोम इंडिया या भारतीयांचे जीन वाचणाऱ्या प्रकल्पाचा 10 हजारांवर माणसांचा, 83 लोकसमूहांचा डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. त्यामुळं आज तुमच्या किटचा रिपोर्ट 'लो रिस्क' आला तर तुम्ही निवांत व्हाल आणि रक्तात 212 तसंच फिरत राहील, मला भीती त्याची आहे. आणि 'हाय रिस्क' आला तरी खचायचं कारण नाही, 2016 साली 55 हजारांवर लोकांच्या अभ्यासात दिसलं की स्कोअर सगळ्यात वाईट असलेल्यांतसुद्धा ज्यांचं सिगारेट, वजन, व्यायाम, जेवण यातलं बहुतेक नीट होतं त्यांना हार्टचा त्रास 46 टक्क्यांनी कमी झाला.

बारीक आहे म्हणून शुगरचं टेन्शन नाही असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते मात्र डोक्यातनं काढा. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो डॉक्टर लोकांत फार प्रसिद्ध आहे, 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, पण चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपण काट्यावर बारीक आणि आतनं जाड. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला तर नवजात बाळंसुद्धा तशीच निघाली, वजन कमी पण चरबी त्या मानानं जास्त. टीसीएफ7एल2 हा डायबेटिसचा जीन आपल्या लोकांतही तितकाच काम करतो हे याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. चांडक यांच्या टीमनं 2007 साली दाखवलं, पण मला स्वतःला वाटतं की पोटातल्या बाळाला मिळालेलं पोषण हा विषय आपल्याकडं जीनइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडं कुणी बघत नाही. तर कंबर मोजा, आणि एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करून टाका.

अजून एक टेस्ट सांगते जी चेकअपच्या पॅकेजमध्ये सहसा नसते. लायपोप्रोटीन ए. हे पण एलडीएलसारखंच कण आहे, वर एक जादा प्रोटीन चिकटलेलं, आणि त्याची पातळी 80 ते 90 टक्के फक्त जीनवर ठरते, जेवणानं हलत नाही, व्यायामानं हलत नाही, स्टॅटिननं पण कमी होत नाही. आपल्या भारतीय लोकांत ते युरोपियन लोकांपेक्षा जास्त आढळतं. आयुष्यात एकदाच करायची टेस्ट, उपाशी राहायची गरज नाही. डेसिलीटरला 50 मिलीग्रॅमच्या वर आलं तर बाकी सगळं, बीपी, शुगर, एलडीएल, जास्त कडक ठेवायचं. तुमच्या घरची हिस्टरी बघता तुमचं आणि वडिलांचं दोघांचंही करा.

तर डॉक्टरकडं जाताना वडिलांना सोबत न्या, त्यांची अटॅकच्या आधीची जुनी फाइल असेल तर ती न्या, कारण आता ते गोळी घेत असणार, आत्ताचं एलडीएल फसवं दिसेल, औषधाआधीचा आकडा पाहिजे. थायरॉईड, लघवीतलं प्रोटीन, लिव्हर, लिपिड पुन्हा एकदा, लायपोप्रोटीन ए. दोघांच्या टाचा डॉक्टरांना दाखवा, नाही विचारलं तरी चपला काढून दाखवा. हे सगळं एफएचकडं बोट दाखवत असेल तर मग जीन टेस्ट जरूर करा, पण किटवाली नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली, एफएचचेच जीन नीट वाचणारी, आणि आधी वडिलांची केली तर उत्तम. त्यांच्यात नेमकी चूक सापडली की बाकीच्यांत तेवढीच शोधायची, स्वस्तात होतं आणि उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट येतं. काही वेळा आजार अगदी ठळक असूनही चूक सापडत नाही, किंवा रिपोर्टमध्ये येतं की बदल आहे पण अर्थ लागत नाही. तसं आलं तर आपल्या एलडीएलवर विश्वास ठेवायचा, गोळी थांबवायची नाही.

तुमचं नक्की झालं तर मुलीला तो जीन मिळाला असायची शक्यता निम्मी, छापा-काटा. पाच वर्षांची आहे, एकदा लिपिड करायला हरकत नाही. जास्त निघालं तरी लगेच गोळी नसते, साधारण 8 ते 10 वर्षांच्या पुढं विचार करतात, आणि ते लहान मुलांच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं.

आणि तुमच्या प्रश्नात एक जागा रिकामी आहे. तुम्ही वडील लिहिलेत, काका लिहिलेत, काकांच्या दोन मुलांचं पण लिहिलंय. आत्या? हा जीन मुलाला जेवढा जातो तेवढाच मुलीला जातो, पण आपल्याकडं घराणं सांगताना भावकी सांगतात, दिलेल्या मुली कागदावर येतच नाहीत, माझ्याकडं रोज असंच होतं. आजोबांना किती मुली, कुठं दिल्यात, त्यांची आणि त्यांच्या पोरांची वयं काय, हे आज वडिलांना विचारून लिहून ठेवा. आत्यांना फोन वडिलांनाच करायला सांगा, भावानं सांगितलेलं त्या ऐकतील. जवळच्या लॅबमध्ये नुसतं लिपिड प्रोफाइल करायचं आहे. आकडे आले की मला कळवा, कागद मी काढून देते.